फ्रेंच-कॅनेडियन घराण्याचा मागोवा आणि आडनावांच्या चालीरीती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात फ्रेंच कॅथलिक घराण्यांच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी १६२१ पासून जवळजवळ अखंड मिळतात. राजेरजवाडे सोडा, साध्या शेतकऱ्यांच्या, सुतारांच्या, शिपायांच्या दहा-बारा पिढ्या इथे कागदावर सापडतात. असं भाग्य जगात फार थोड्या समाजांच्या वाट्याला आलं आहे. तरीही शोध अडतो, आणि बहुतेक वेळा तो आडनावापाशी अडतो. लेक किंवा मुलगा मॉन्ट्रियलच्या घरात दिल्यावर नातवंडांच्या दुसऱ्या बाजूचं कुळ समजून घ्यायला निघालेल्यांना आणि निव्वळ आवड म्हणून यात शिरलेल्यांनाही पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

सुरुवात कुठून करायची?

घरातल्या सर्वांत वयस्कर माणसापासून. त्यांच्याकडून तीन गोष्टी काढून घ्या: आजी-आजोबांची पूर्ण नावं, त्यांचं लग्न साधारण कोणत्या दशकात झालं, आणि कोणत्या पॅरिशमध्ये, म्हणजे कोणत्या चर्चच्या हद्दीत झालं. घरात जुन्या प्रार्थनापुस्तकांत मृतांच्या छापील स्मरणपत्रिका ठेवलेल्या असतात. त्यांवर तारीख आणि वय असतं, म्हणून त्या आधी पाहा.

मग आजी-आजोबांची विवाहनोंद शोधा. तिच्यात दोघांच्याही आई-वडिलांची नावं असतात. त्या दोन जोडप्यांच्या विवाहनोंदी शोधा, की आणखी चार जोडपी मिळतात. असे दहा-बारा टप्पे मागे गेलात की १६५० च्या आसपास पोहोचता.

शंभर वर्षांच्या आतल्या नोंदी क्वेबेकच्या नागरी नोंदणी संचालनालयाकडे असतात आणि त्या सर्वांसाठी खुल्या नसतात. तेवढा अलीकडचा टप्पा वर्तमानपत्रांतल्या निधनवार्ता, थडग्यांवरचे लेख आणि १९२६ ते १९९७ या काळातल्या विवाह-मृत्यूंची सशुल्क सूची यांवर पार करावा लागतो.

जन्मनोंद सोडून विवाहनोंदीवर एवढा भर का?

कारण इथल्या विवाहनोंदीत एका पानावर दोन कुळं बांधलेली असतात. वधू-वरांची नावं, दोघांच्याही आई-वडिलांची नावं (आईचं माहेरचं आडनाव धरून), त्यांतलं कोण हयात नाही, प्रत्येक जण कोणत्या पॅरिशचा, वराचा धंदा, साक्षीदार आणि बऱ्याचदा साक्षीदारांचं नातंसुद्धा. बाप्तिस्म्याच्या नोंदीत फक्त आई-वडील कळतात. एका गावात एकाच वर्षी दोन ‘जोसेफ गान्यों’ जन्मले असतील, तर तुमचा कोणता हे जन्मनोंद सांगत नाही. विवाहनोंद सांगते.

म्हणून या शोधात आडनाव धरून मागे जाऊ नका, जोडपं धरून जा. नवऱ्याचं आडनाव बदललेलं असेल, बायकोचं नाव दोन प्रकारे लिहिलेलं असेल; पण ‘हा आणि ही’ ही जोडी तशीच राहते.

एक मोठा अपवाद आहे. विधुर किंवा विधवेचं पुनर्लग्न असेल, तर नोंदीत बहुधा आई-वडिलांची नावं नसतात, फक्त ‘अमक्याची विधवा’ एवढंच असतं. अशा वेळी आधीच्या लग्नाची नोंद काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. साखळी तुटली असं वाटणाऱ्या कितीतरी प्रकरणांत अडचण एवढीच असते.

आडनावात ‘दी’ लिहिलेलं असतं, ते काय?

रोमन लिपीत डी-आय-टी अशी तीन अक्षरं, उच्चार ‘दी’, बाईसाठी ‘दित’. अर्थ ‘म्हटला जाणारा’. मराठीत याला नेमका शब्द आहे: उर्फ. ‘मिव्हिल दी देशेन’ म्हणजे ‘मिव्हिल उर्फ देशेन’. फरक एवढाच, की आपल्याकडे उर्फ बहुतेक त्या माणसाबरोबर संपतं. इथे ते मुलाबाळांकडे जातं आणि दोन-तीन पिढ्यांनी मूळ आडनावाची जागाही घेतं.

ही उपनावं येतात कुठून, याच्या काही ठरलेल्या वाटा आहेत. सर्वांत मोठी वाट लष्कराची. १६६५ मध्ये कारिन्यां-सालिएर पलटण फ्रान्समधून आली. तिच्यातले सुमारे ४०० जण इथेच स्थायिक झाले. फ्रेंच सैन्यात शिपायाला टोपणनाव मिळत असे: लाफ्लर म्हणजे फूल, लारोज म्हणजे गुलाब, सांसूसी म्हणजे निश्चिंत, जोलीकर म्हणजे प्रसन्न मनाचा, त्रांशमोंतान्य म्हणजे डोंगर कापणारा. दुसरी वाट गावाची: आंजू प्रांतातला तो लांजव्हें, पिकार्दीचा तो पिकार. आपल्या ‘कर’ लावलेल्या आडनावांसारखंच हे. काही उपनावं जमिनीवरून आली, काही शरीरावरून (लब्लों म्हणजे सोनेरी केसांचा), काही पूर्वजाच्या पाळण्यातल्या नावावरून. एकाच गावात एकाच आडनावाची घरं वाढली की ओळख पटावी म्हणूनही नावं जोडली गेली.

याचं ठळक उदाहरण बातिस्कां इथल्या रिव्हार भावांचं. निकोला रिव्हार ‘दी लाव्हिन्य’ आणि रॉबेर रिव्हार ‘दी लोरांजे’. या दोघांच्या वंशात लाव्हिन्य, लोरांजे, लाकुर्सिएर, लान्वेत, बेलफई अशी वेगवेगळी आडनावं झाली. आज ही नावं लावणारी माणसं एकमेकांना परकी समजतात, पण अनेकांचं कुळ एक आहे. लुई रिएल या मेटी (मूळनिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या समाजाच्या) पुढाऱ्याचा पहिला पूर्वज कागदावर ‘रिएल दी लिर्लांद’ असा आहे, म्हणजे ‘आयर्लंडचा’. फ्रेंच दिसणाऱ्या आडनावामागे कधी असा आयरिश माणूस निघतो.

मग शोधताना कोणतं नाव टाकायचं?

दोन्ही. वेगवेगळी टाकायची, आणि उलटसुलट करूनही. नोंद कधी ‘मिव्हिल’ नावाखाली असते, कधी ‘देशेन’, कधी ‘मिव्हिल देशेन’, कधी ‘देशेन दी मिव्हिल’. एकाच माणसाचा बाप्तिस्मा एका नावाने, लग्न दुसऱ्या नावाने आणि दफन जोडनावाने झालेलं आढळतं. भावाभावांची आडनावंही वेगळी निघतात.

नाव ‘नाहीसं’ होण्याचा काळ बहुतेक १९व्या शतकाचा उत्तरार्ध. तेव्हा ‘दी’ची प्रथा मागे पडली आणि प्रत्येक घराने दोनपैकी एक नाव ठेवलं. १८७० नंतरची देशेन मंडळी १८५० मध्ये सापडत नसतील, तर ती मिव्हिल म्हणून नोंदलेली असू शकतात. अशा वेळी आडनावाची चौकट रिकामी ठेवून नवरा-बायकोची फक्त पहिली नावं, पॅरिश आणि दहा वर्षांची मर्यादा टाकून शोधा. ही युक्ती इतर कशाहूनही जास्त वेळा उपयोगी पडते.

उलट चूकही होते. ‘लाफ्लर’ हे उपनाव एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या कितीतरी घराण्यांना चिकटलेलं आहे. दोन लाफ्लर एका गावात राहतात एवढ्यावरून त्यांना एका झाडावर बसवू नका.

एकच आडनाव म्हणजे एकच मूळ पुरुष का?

आडनावावर अवलंबून आहे. त्रांब्ले हे क्वेबेकमधलं सर्वांत जास्त आढळणारं आडनाव. तरीही तिथले त्रांब्ले एकाच जोडप्याचे वंशज: पिएर त्रांब्ले आणि ओझान आशों, लग्न २ ऑक्टोबर १६५७, क्वेबेक. याउलट र्वा. अर्थ ‘राजा’. हे आडनावही पहिल्या तीनांत आहे, पण त्याचे मूळ पुरुष अनेक आणि त्यांची नाती काहीच नाहीत. त्यांतल्या काही शाखा ‘र्वा दी देजार्दें’, ‘र्वा दी लोझिए’ अशा उपनावांवरूनच वेगळ्या ओळखता येतात. तिथे ‘दी’ अडथळा राहत नाही, उलट तोच वाट दाखवतो.

स्पेलिंग प्रत्येक नोंदीत वेगळं का?

नाव लिहिणारा पाद्री, आणि ज्याचं नाव तो बहुधा निरक्षर. कानाला पडलं तसं लिहिलं. फ्रेंचमध्ये शेवटची व्यंजनं मुकी, एच मुका, आणि ‘ओ’ हा एकच उच्चार पाच-सहा प्रकारे लिहिता येतो. त्यामुळे तिबो हे नाव शेवटी एल-टी लावून, डी लावून, एक्स लावून किंवा नुसत्या ओ अक्षराने लिहिलेलं सापडतं. एनो नाव एच पासून सुरू होतं, ई पासूनही. शेवटच्या ‘एट’ला कधी जास्तीचे टी-ई लागतात. मूळ स्पेलिंग कोणतं, यावर वेळ घालवू नका. १८५० पूर्वी ‘बरोबर’ स्पेलिंग ही कल्पनाच नव्हती.

सूची करणाऱ्यांच्या चुका याहून वेगळ्या. मोठं एल आणि एस, लहान यू आणि एन, जुना लांब एस आणि एफ यांची गल्लत होते. सूचीत नाव नाही म्हणून नोंद नाही असं समजू नका. पॅरिश आणि वर्ष माहीत असेल तर नोंदवहीची पानं स्वतः उलटा. छोट्या पॅरिशमध्ये वर्षाची सगळी पानं तासाभरात पाहून होतात, आणि बऱ्याच वह्यांच्या शेवटी त्या वर्षाची नावांची यादीही असते.

बायकांची नावं कशी शोधायची?

माहेरच्या आडनावाने, सगळीकडे. फ्रेंच काळापासून, म्हणजे इथे फ्रान्सचं राज्य होतं तेव्हापासून, चर्चच्या आणि नोटरीच्या (करार लिहून जपून ठेवणाऱ्या अधिकृत लेखनिकाच्या) कागदांत बाई जन्मापासून दफनापर्यंत माहेरच्याच आडनावाने येते. तिच्या दफनाच्या नोंदीत ‘अमक्याची पत्नी’ असं असतं, पण नाव तिचंच. सासरी गेल्यावर आडनावच काय, पहिलं नावही बदललेल्या कितीतरी आज्या-पणज्या महाराष्ट्रातल्या वंशावळींतून हरवल्या. इथे मात्र आईची, आईच्या आईची अशी सरळ बायकांची ओळ १७व्या शतकापर्यंत नेता येते. ती जरूर काढा. तिच्या टोकाशी बऱ्याचदा ‘राजाची कन्या’ भेटते, म्हणजे १६६३ ते १६७३ या काळात राजाच्या खर्चाने लग्नासाठी पाठवलेल्या सुमारे ८०० मुलींपैकी एक.

सावध राहायचं ते १९व्या-२०व्या शतकातल्या रोजच्या व्यवहारात. तेव्हा इंग्रजी वळणाने ‘मादाम अमुक’ असं नवऱ्याचं नाव लावलं जाई. निधनवार्तांत आणि अमेरिकेतल्या जनगणनेत तेच दिसतं. क्वेबेकमध्ये १९८१ पासून कायद्यानेच विवाहित स्त्री स्वतःचं जन्मनाव वापरते. मुलांना आईचं, वडिलांचं किंवा दोन्हींचं मिळून जास्तीत जास्त दोन भागांचं आडनाव देता येतं.

घरातल्या सगळ्या मुली ‘मारी’ आणि सगळे मुलगे ‘जोसेफ’ कसे?

ते बाप्तिस्म्याचं नाव. १९व्या शतकाच्या मध्यापासून २०व्या शतकाच्या मध्यापर्यंत मुलीला आधी मारी आणि मुलाला आधी जोसेफ लावण्याची रीत होती. त्यानंतर बऱ्याचदा धर्ममातेचं किंवा धर्मपित्याचं नाव, आणि शेवटी हाक मारायचं नाव. ‘जोसेफ लुई आर्मां’ घरात आणि जनगणनेत आर्मां असतो. म्हणून शोध शेवटच्या नावाने करा.

मूल दगावलं तर पुढच्या मुलाला तेच नाव देत. एकाच जोडप्याचे दोन ‘पिएर’ दिसले की पहिल्याची दफननोंद शोधा. नाहीतर लग्नाच्या वेळी वय तीन-चार वर्षांनी चुकतं आणि आपण भलत्याच माणसाच्या मागे लागतो.

नोंदी बघायच्या कुठे? फुकट काय, पैसे कशाला?

फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर क्वेबेकच्या कॅथलिक नोंदवह्यांच्या प्रतिमा मोफत आहेत, फक्त खातं उघडावं लागतं. क्वेबेकच्या राष्ट्रीय ग्रंथालय-अभिलेखागाराच्या, म्हणजे बीएएनक्यूच्या संकेतस्थळावर नोंदवह्यांच्या न्यायालयात ठेवलेल्या नागरी प्रती आणि नोटरींचे कागद मोफत पाहता येतात. कॅनडाच्या जनगणना राष्ट्रीय अभिलेखागारात मोफत आहेत. पैसे लागतात ते चांगल्या सूचींना: मॉन्ट्रियल विद्यापीठात १९६६ मध्ये सुरू झालेला पीआरडीएच प्रकल्प, ज्यात फ्रेंच काळातल्या कुटुंबांच्या नोंदी जुळवून ठेवल्या आहेत, आणि द्रुएँ संस्थेचा संग्रह. आठवड्यातून एकदाच बसणार असाल तर आधी मोफत साधनं संपवा. अडलेली नावं एका यादीत साठवा, आणि महिनाभराचं सभासदत्व घेऊन ती एकदम तपासा.

नोंदवह्या दोन प्रतींत ठेवल्या जात, १६७९ पासून नियमितपणे: एक चर्चमध्ये, एक न्यायालयात. चर्च जळालं तरी दुसरी प्रत राहते. म्हणून एका संचात पान फाटलेलं असेल तर दुसरा संच पाहा. दोन्ही असतील तर दोन्ही पाहा. नक्कल करताना पाद्री कधी नाव गाळतो, कधी वय बदलतं. क्वेबेक शहराचं चर्च १६४० मध्ये जळालं, तेव्हा तिथल्या आधीच्या नोंदी आठवणीवरून पुन्हा लिहिल्या गेल्या. त्या काळातल्या तारखा या जाणिवेनेच वाचा.

फ्रेंच येत नाही. नोंद वाचता येईल?

येईल. मजकूर ठरावीक साच्याचा असतो आणि वीस-पंचवीस शब्दांत काम भागतं. ‘फिस’ मुलगा, ‘फिय’ मुलगी, ‘फ’ (एफ-ई-यू) म्हणजे कैलासवासी, ‘व्हव्ह’ विधवा, ‘एपूज’ पत्नी, ‘पारें’ आणि ‘मारेन’ धर्मपिता-धर्ममाता. ‘ला व्हेय’ म्हणजे काल. पुरलेल्या माणसाचा मृत्यू आदल्या दिवशीचा. ‘ओंद्वाए’ म्हणजे मूल जगेल की नाही अशा घाईत घरीच दिलेला बाप्तिस्मा; तो बऱ्याचदा सुईणीने दिलेला असतो.

‘माजर’ म्हणजे सज्ञान, ‘मिनर’ म्हणजे अज्ञान. १७८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत सज्ञानतेचं वय २५ होतं, नंतर २१. वय लिहिलेलं नसलं तरी या एका शब्दावरून जन्मवर्षाची मर्यादा मिळते.

सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट महिन्याची. ७ आकड्यापुढे ‘ब्र’ लिहिलेलं असेल तर तो जुलै नाही, सप्टेंबर. ८ म्हणजे ऑक्टोबर, ९ म्हणजे नोव्हेंबर, आणि रोमन दहाचा एक्स म्हणजे डिसेंबर. आपल्या सप्त, अष्ट, नव, दश यांच्याशी जुळणारे सेप्टेम, ऑक्टो, नोव्हेम, डेसेम हे लॅटिन आकडेच महिन्यांच्या नावात आहेत, असं लक्षात ठेवलं की चूक होत नाही.

विवाहनोंदीतली ‘तिसऱ्या पदाची सूट’ म्हणजे काय?

वधू-वर रक्ताच्या नात्यातले असतील तर चर्चची खास परवानगी लागे, आणि नातं किती जवळचं ते नोंदीत लिहीत. मोजणी समान पूर्वजापासून खाली. दुसरं पद म्हणजे आजी-आजोबा समान, तिसरं म्हणजे पणजी-पणजोबा समान, चौथं म्हणजे खापरपणजी-खापरपणजोबा समान. ‘तिसरं ते चौथं’ असं असेल तर एका बाजूला एक पिढी जास्त. १९१८ पासून लागू झालेल्या नव्या धर्मसंहितेत बंदी तिसऱ्या पदापर्यंतच राहिली, त्यामुळे त्यानंतर चौथ्या पदाचे उल्लेख थांबतात.

आपल्या झाडाची ही उत्तम परीक्षा आहे. नोंदीत तिसरं पद आहे आणि तुमच्या झाडावर समान पणजोबा दिसत नसतील, तर एक फांदी चुकली आहे. मात्र ‘आफिनिते’ शब्द असेल तर ते नातं रक्ताचं नाही. ते आधीच्या मृत जोडीदाराकडून आलेलं आहे.

लग्न सापडतच नाही. आता?

आधी वधूची पॅरिश पाहा. लग्न बहुधा तिथे होई. पहिल्या अपत्याच्या बाप्तिस्म्याआधीची दोन वर्षं चाळा. डिसेंबरातला ख्रिसमसआधीचा आगमनकाळ आणि ईस्टरआधीचा उपासकाळ यांत लग्नं सहसा होत नसत, म्हणून जानेवारी-फेब्रुवारी आणि नोव्हेंबर आधी बघा. त्यानंतर शेजारच्या पॅरिश, मग सीमेपलीकडची अमेरिकी गावं.

तरीही नाही, तर नोटरीकडे वळा. फ्रेंच काळात बहुसंख्य जोडपी लग्नाआधी नोटरीसमोर करार करत, आणि त्यात आई-वडील, भाऊबहिणी, मामा-काका साक्षीदार म्हणून नात्यासकट येतात. नोटरींचे कागद गावावार लावलेले नसतात, नोटरीच्या नावाखाली तारखेच्या क्रमाने असतात. म्हणून आधी त्या भागात त्या वर्षी कोण नोटरी होते ते काढा, मग त्यांची नोंदसूची. करार सापडला म्हणजे लग्न झालंच असं नाही. काही करार पुढे रद्द झाले. मृत्यूनंतरची मालमत्तेची यादी आणि म्हाताऱ्या आई-वडिलांनी मुलाला शेत देताना केलेलं दानपत्रही काढा. दानपत्रात मुलाने वर्षाला किती गहू, किती सरपण, किती डुकराचं मांस द्यायचं तेही लिहिलेलं असतं. वंशावळीतली कोरडी नावं तिथे माणसं होतात.

अमेरिकेत गेलेल्या शाखेचं आडनाव इंग्रजी झालं आहे. मूळ कसं ओळखायचं?

१८४० ते १९३० या काळात सुमारे नऊ लाख फ्रेंच-कॅनेडियन अमेरिकेत गेले, मुख्यतः लॉवेल, मँचेस्टर, वून्सॉकेट, लुइस्टन अशा कापडगिरण्यांच्या गावांत. आडनावं दोन प्रकारे बदलली. एक, भाषांतर: ब्वाव्हेरचं ग्रीनवूड, र्वाचं किंग, लब्लांचं व्हाइट, कुर्तमांशचं शॉर्टस्लीव्ह. दोन, उच्चारानुसार: बन्वाचं बेनवे, आर्शांबोचं शँबो.

नगरपालिकेच्या दाखल्यावर थांबू नका. तिथल्या कारकुनाने ग्रीनवूड लिहिलं. त्याच लग्नाची फ्रेंच पॅरिशमधली नोंद ब्वाव्हेर सांगते आणि आई-वडीलही देते. उलटा प्रवासही झालेला आहे: १७०४ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या ग्रोटनहून कैद करून आणलेला मथायस फार्न्सवर्थ क्वेबेकमध्येच राहिला, आणि त्याचे वंशज फानफ झाले.

अकादियाची घराणी वेगळी का धरायची?

ती वेगळी वसाहत, आजच्या नोव्हा स्कोशियात. १७५५ पासून इंग्रजांनी तिथल्या हजारो लोकांना हद्दपार केलं आणि नोंदवह्या विखुरल्या. पोर-रोयालच्या १७०२ पासूनच्या वह्या उरल्या. ग्रां-प्रेच्या १७०७ ते १७४८ च्या वह्या निर्वासितांबरोबर लुइझियानात गेल्या आणि आज बॅटन रूज धर्मप्रांताकडे आहेत. उरलेल्या पोकळ्या १६७१ च्या जनगणनेवर आणि फ्रान्समधल्या बेल-ईल बेटावर वसवलेल्या ७८ अकादियन कुटुंबांनी १७६७ मध्ये शपथेवर सांगितलेल्या वंशावळींवर भरून काढतात.

तिथे ‘दी’बरोबर आणखी एक रीत आहे: ‘जोसेफ आ पिएर आ शार्ल’, म्हणजे शार्लच्या पिएरचा जोसेफ. स्वतःचं नाव, मग वडिलांचं, अशी सवय असलेल्या मराठी वाचकाला हे लगेच कळेल. सूचीत मात्र अशी नावं येत नाहीत.

डीएनए चाचणी करावी का?

कागद तुटले असतील, दत्तक किंवा ‘आई-वडील अज्ञात’ अशी नोंद असेल, तर जरूर. पण थोड्या मूळ कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या लग्नं झाल्यामुळे दूरचे नातेवाईक चाचणीत जवळचे दिसतात. ‘थर्ड कझिन’, म्हणजे खापरपणजी-खापरपणजोबा समान असलेली भावंडं, असा निकाल आला तर प्रत्यक्ष नातं पाचव्या-सहाव्या पिढीतलं, पण तीन-चार बाजूंनी असू शकतं.

इंटरनेटवर तयार झाड मिळालं. ते घ्यावं का?

शोधाची दिशा म्हणून घ्या, पुरावा म्हणून नको. अनेक झाडांचं मूळ सिप्रिएं तांगे यांच्या १८७१ ते १८९० मध्ये निघालेल्या सात खंडांच्या कोशात आहे. एकट्या माणसाचं ते अफाट काम आहे, पण त्यातल्या चुका आजही उतरवल्या जातात. १७३० पर्यंतच्या कुटुंबांसाठी रने जेते यांचा १९८३ चा कोश जास्त भरवशाचा. दोन्हींत फरक दिसला की मूळ नोंदवही उघडा.

इतकी नावं नीट मांडायची कशी?

सोसा क्रमांक वापरा. ज्याचं झाड तो १, वडील २, आई ३. कोणाच्याही वडिलांचा क्रमांक त्याच्या दुप्पट, आईचा त्याहून एक जास्त. १४ क्रमांकाचे वडील २८, आई २९. बाराव्या पिढीचे क्रमांक २०४८ ते ४०९५. तिथे तेच जोडपं पुन्हापुन्हा येईल, कधी दहा-पंधरा वेळा. फ्रान्समधल्या मोर्तान्यहून १६३४ मध्ये आलेला सुतार झाकारी क्लुतिए आणि त्याची पत्नी सेंत द्युपों हे त्यांतलं नेहमीचं नाव. १८०० पूर्वी लग्न झालेले त्यांचे वंशजच १०,८५० मोजले गेले आहेत. पुनरावृत्ती खोडू नका. प्रत्येक क्रमांक ठेवा आणि शेजारी ‘पाहा’ म्हणून पहिला क्रमांक लिहा.

आडनावाच्या रकान्यात मूळ नाव, त्यापुढे ‘दी’ आणि सगळी उपनावं ठेवा. आणि प्रत्येक नोंदीखाली त्या पानावर नाव जसं लिहिलं आहे तसंच, अक्षरही न सुधारता, उतरवा.